रडण्याचा तास

आमची बय रडण्यात फार वाकबगार होती. बय म्हणजे माझी आजेसासू. आगरी घरांत आजीला बय म्हणतात. मी साताऱ्याकडची, व्यवसायाने शिक्षिका. त्यामुळे लग्न होऊन कामोठ्यात आले तेव्हा रडणे ही शिकून घ्यायची विद्या आहे, हे मला ठाऊक नव्हते. कुठे मयत झाली की बयला बोलावणे येई. ती दारातूनच हेल काढी आणि जमलेल्या बायका तिच्यामागून सूर धरीत.

या रडण्याला क्रम होता. प्रथम मेलेल्याला नात्याने हाक मारायची, मग त्याने केलेली कामे सांगायची आणि शेवटी, आम्हाला टाकून गेलास म्हणून त्याला फैलावर घ्यायचे. मध्ये एखादा दोष सांगणे आवश्यक असे. एका म्हाताऱ्यासाठी रडताना तिने, "आरं भावा, भरतीची येल तुला कदी चुकली नाय, पन जेवायची येल कदी पालली नाय रं," असे सुनावले, तेव्हा त्याची विधवा रडता रडता मान डोलावत होती. "नुस्तं गुन सांगितलं तं मानूस वाटत नाय, फोटो वाटतो," असे बयचे मत होते. निघण्यापूर्वी ती पोटभर जेवत असे. तिचे म्हणणे, "उपाशी बाई लवकर गप व्हते."

पुढे शेतांच्या जागी इमारती आल्या आणि आम्ही पाचव्या मजल्यावर राहायला गेलो. त्याच वर्षी सोसायटीतले एक गृहस्थ वारले. बय जेवून, पदर खोचून खाली गेली आणि दहा मिनिटांत परत आली.

"समदी हात जोडून उबी. कुनी कायच बोलंना," ती म्हणाली. "तो मेला का बदलीवर गेला?"

"आता असंच असतं बय," सासूबाई म्हणाल्या.

बय खिडकीशी जाऊन बसली. तिच्यामागून सूर धरणाऱ्या बायका एकेक करून गेल्या होत्या आणि त्या सगळ्यांसाठी तीच रडली होती. तिच्यासाठी रडायला आता आम्ही दोघीच उरलो होतो.

"म्हंजे माझ्या येलेला पन तुमी हात जोडून उब्या ऱ्हाल," ती म्हणाली, "नि मी मुक्यानं जाईन."

दुसऱ्या दिवसापासून आमचे तास सुरू झाले. मी शाळेतून आले की दुपारी तीन वाजता बय दिवाणावर हनुवटीपर्यंत चादर ओढून मरून पडे. सासूबाईंचा गळा उत्तम होता, परंतु पहिल्या हाकेलाच त्यांना हसू फुटे. माझी अडचण निराळी होती. मी आदल्या दिवशी मुद्दे काढून ठेवत असे.

"बय, आपला जन्म एका कष्टाळू कुटुंबात झाला," मी सुरुवात केली.

"ही पोरगी माझा निबंद लिवते," बय डोळे न उघडता म्हणाली.

"मयत बोलत नाही, बय."

"मयताला आयकू येतं. माझा दोष कवा सांगनार?"

"तुमच्यात मला दोष आढळला नाही."

"मंग पाच वर्सं या घरान काय केलंस?"

आमच्या खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी काका राहतात. चौथ्या दिवशी त्यांनी आमचा आवाज ऐकला आणि कर्तव्यबुद्धीने ग्रुपवर निरोप टाकला. थोड्याच वेळात आमच्या दारात पांढऱ्या कपड्यांतली माणसे हार घेऊन उभी होती. बय उठून बसली. पुढे उभ्या असलेल्या बाई चपलांच्या कपाटावर मटकन बसल्या.

"हार आनलाय तं द्या, देवाला घालीन," बय म्हणाली. "बसा, चा घ्या." मग तिने काकांना विचारले, "तू रडलास का रं?"

"आजी, मला शॉकच बसला."

"शॉक बसला तं आवाज का नाय आला?"

काकांनी चहा घेतला आणि ग्रुपवर लिहिले, 'आजी हयात आहेत. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' त्यानंतर तीन ते चार या वेळात आमच्या रडण्याकडे कोणी लक्ष देईनासे झाले. काका मात्र खालून ऐकत आणि लिफ्टमध्ये भेटले की सांगत, "मॅडम, काल तुम्ही एकदम कामांवर आलात. हाक राहिली."

गेल्या वर्षी बय जेवून दिवाणावर आडवी झाली, ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन, पाहून गेले. सासूबाईंनी हेल काढला. साडेतीन वाजले होते. कोणीही आले नाही. इमारतीला वाटले, तास चालू आहे.

मी सुरुवात केली आणि हाकच राहिली. सासूबाईंनी कामे सांगायला घेतली, पण भाताच्या लावणीनंतर एकदम नातवंडांच्या बारशावर आल्या. दोघीही सवयीने थांबलो. अशा जागी ती आम्हाला हमखास टोकायची. आम्ही तिच्याकडे पाहत राहिलो.

"बय, आमचं चुकतंय गं," मी म्हणाले. "न सांगता कुठे निघालीस?" त्यापुढे जे रडणे आले त्याला क्रम नव्हता, सूर नव्हता, आणि ते आम्हाला आवरताही येईना.

जिन्यात पावले वाजली. सेक्रेटरी काका घरच्या बनियनवरच धावत आले होते. ते दारातच थांबले.

"आज तुमचं दोघींचं एवढं चुकत होतं," ते म्हणाले, "आणि आजी ओरडल्या कशा नाहीत, म्हणून वर आलो."