बेणलेली फुलबाग

गेट उघडून आत गेले तेव्हा ग्रासकटर चालूच होता. बंगल्याचा केअरटेकर तुकाराम घाम पुसत हसला. "ताई, बघा, कसा चकाचक केला सडा!"

माझ्या पायाशी तेरडा आडवा पडला होता. कळ्यांनी भरलेला. माझं डोकंच फिरलं.

मी रत्नागिरीत बागा डिझाइन करते. हा बंगला शहराबाहेर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर. मालक सुर्वेसाहेब मूळचे इथलेच, राहतात मुंबईत. त्यांना गणपतीपासून दिवाळीपर्यंत फुलं हवी होती. माझा प्लॅन साधा होता. गेटजवळ चिऱ्यांचे उंच वाफे, त्यांत दसऱ्यासाठी झेंडू. मागचा कातळ मात्र जसा आहे तसा राखायचा. तिथे माती जेमतेम बोटभर, पण भाद्रपदात तेरडा आणि सोनकी आपसूक फुलतात. लावायचं काहीच नाही, फक्त कापायचं नाही.

या प्लॅनवर सगळ्यांत खूश होत्या साहेबांच्या वहिनी. गावचं घर आणि गणपती त्याच सांभाळतात. यंदा गणपती नव्या बंगल्यात बसणार होता. आमच्याकडे गौर तेरड्याची. बायका रोपं मुळासकट उपटून वाजतगाजत घरी आणतात. "बंगला भावजींचा असूंदे," वहिनी म्हणाल्या होत्या, "पण गौर आपल्याच सड्यावरची हवी हां."

"कोणी सांगितलं कापायला?" मी तुकारामवर ओरडले.

"साहेबांनीच सांगितलंनी फोनवर. पाव्हणे येतायत, रान बेणून ठेव म्हणाले."

बेणणं म्हणजे गवत-झुडपं कापून जागा मोकळी करणं. गणपतीआधी कोकणात घरोघरी अंगण आणि वाट बेणतात. चाकरमान्यांच्या पायाखाली साप येऊ नये म्हणून. रीत चांगलीच आहे. पण म्हणून बागही बेणायची?

मी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"मॅडम, मी फुलबाग सांगितली होती. तुम्ही गवत वाढवलंत."

"तो तेरडा होता साहेब. गौरीला फुलला असता."

"तेरडा काय, कुठेही उगवतो. तिथे मस्त लॉन टाका."

कातळावर लॉन! माझा आवाज चढला. तेरडा एका पावसाचा असतो. फुलून बी पडलं तरच पुढच्या वर्षी उगवतो. "कळीतच कापलात, म्हणजे पुढच्या वर्षीचाही कापलात," मी म्हटलं. "बरं, बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला. बघायला शिल्लक काय होतं?

गौरी आणायच्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन. आवाज नरम. "मॅडम, नर्सरीत तेरडा मिळेल का? वहिनी ऐकत नाहीयेत."

"साहेब, गवत कोण नर्सरीत ठेवतं?" मी म्हटलं. तरी बंगल्यावर गेले, वहिनींसाठी.

वाडीतल्या बायका कातळावर उभ्या होत्या. वहिनी खुंटांकडे बघत होत्या. डोळे भरलेले. मग पदर खोचून त्या गेटबाहेर निघाल्या, बायका मागोमाग. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, जिथे ग्रासकटर पोचला नव्हता, तिथे तेरडा गुडघ्याएवढा फुलला होता. भिंतीच्या आतही तसाच असता.

गौर आली. साहेब दारात हात जोडून उभे. वहिनी त्यांच्यासमोर थांबल्या. "भावजी, घर आपलं नि गौर रस्त्यावरची. पुढल्या वर्षाला काय करायचं ते आत्ताच सांगून ठेवा."

साहेब मान खाली घालून दारातून बाजूला सरले. मला जराही दया आली नाही.

दसऱ्याला झेंडू दणकून फुलला. साहेबांनी फोटो पाठवला, 'सुपर्ब गार्डन' लिहून. वहिनी मात्र भिंतीबाहेरच्या तेरड्याची बोंडं ओंजळीत फोडून कातळावर बी टाकून आल्या होत्या. लॉनचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता प्रत्येक बागेत, आहे तशी राखायच्या जागेभोवतीही मी चिऱ्यांची किनार घालते आणि 'गार्डन' अशी पाटी लावते. आत मी एक रोपही लावलेलं नसतं. पण ग्रासकटर घेऊन कोणी आत जात नाही.