उघड्या बाटलीतले निळे स्फटिक

प्रयोगशाळेत तिला सगळे वहिनी म्हणायचे. पोरं शाळेत धाडून चाळिशीत पीएचडीला बसलेली बाई, दुसरं काय म्हणणार! पण कामाला वाघ. आपण बनवलेल्या रेणूनं तांब्याचे दोन अणू एकत्र बांधायचे, एवढाच तिचा हट्ट. आणि इतकी वर्षं पदरात पडत होता नुसता हिरवा गाळ. शेवटी तिच्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं, "मुदत संपत आली, वहिनी. यंदा स्फटिक नाहीत, तर डिग्रीही नाही."

त्यातच घरी सासूबाई पडल्या. फोन आला तशी ही धावली आणि द्रावणाच्या बाटलीला झाकण लावायचं राहूनच गेलं. परत येऊन बघते तर काय, तळाशी निळेशार स्फटिक, मिठाच्या खड्यांसारखे टपोरे!

"हिरवे यायला हवे होते ना? खराब झालंय, ओतून द्या," सर म्हणाले.

वहिनी कसली ऐकते! एक खडा घेऊन तडक क्ष-किरण यंत्राकडे गेली. रचना हाती आली: तांब्याचे दोन अणू, आणि मधोमध कार्बोनेट ठाण मांडून बसलेलं. ते तर कोणी घातलंच नव्हतं!

"हा आयत्या बिळावरचा नागोबा आला कुठून?" सर चक्रावले.

हवेतून, आणखी कुठून! उघड्या तोंडातून कार्बन डायऑक्साइड आत शिरला होता आणि द्रावणात त्याचंच कार्बोनेट झालं होतं. असं संयुग आजवर कोणी बनवलं नव्हतं.

सर हरखले. "लिहून टाका, वायू आपणच मुद्दाम सोडला. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"नाही सर. झाकण विसरले, तेच लिहिणार."

"हात दाखवून अवलक्षण कशाला? निष्काळजी म्हणून नापास करतील!"

भीती तिलाही होतीच. पण खोटं लिहायला हात धजेना. तिनं प्रयोग पुन्हा पुन्हा केला: झाकण लावलं की गाळ, काढलं की स्फटिक. प्रबंधात तिनं सरळ लिहिलं, बाटली चुकून उघडी राहिली.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "कोणी ठेवली उघडी?"

सरांनी मान खाली घातली.

"मी," वहिनी म्हणाली.

"चूक झाकून मुद्दाम केलं म्हणणारे मला नेहमी भेटतात," परीक्षक म्हणाले. "वायू किती सोडलात विचारलं, की त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात." त्यांनी प्रबंध मिटला. "बसा, डॉक्टर."

वहिनीला खुर्चीच दिसेना. डोळे भरून आले होते.