काकूंनी ठरवलेली घरं

चष्मा कपाळावर सरकवून काकू विचारायच्या, "ते सगळं ठीक आहे रे, पण तिथली माणसं चहा कुठे करतात?"

आमचं ऑफिस नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पला, काम एका बँकेच्या कर्जांचं. तारण ठेवलेली जागा हे राहतं घर आहे की देखभाल करणारी संस्था, हे बँकेवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याला कळवावं लागतं. साध्या घरांचा निकाल कॉम्प्युटरच लावतो. अडतं ते म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या इमारतींपाशी. तिथे फ्लॅटही असतात आणि नर्सही असते, त्यामुळे कॉम्प्युटर हात टेकतो आणि माणूस बसवावा लागतो. ती माणसं म्हणजे काकू आणि मी. त्यांनी ठरवायचं, मी तपासायचं.

'काकू' हेही त्यांनीच ठरवलेलं. पुण्याहून नवीन आलेली मुलं त्यांना मॅम म्हणायची. "मॅम म्हटलं की मला छडी शोधावीशी वाटते. काकू म्हणा," असं त्यांनी बजावलं. तेव्हापासून आमचा डच मॅनेजरही त्यांना काकूच म्हणायला लागला. ते त्यांचं आडनाव आहे, अशी त्याची शेवटपर्यंत समजूत होती.

चहाचा प्रश्न नियमांत कुठेच नव्हता. पण काकूंचं म्हणणं असं, की माणूस आपल्या ओट्यापाशी, आपल्याला हवा तेव्हा चहा करून घेत असेल तर ते घर. तो ठरल्या वेळी ट्रॉलीवरून येत असेल तर संस्था. कागद वाचून समाधान झालं नाही की त्या सरळ फोन लावायच्या. व्याकरणाची अजिबात पर्वा न करणारं त्यांचं डच सुसाट सुटायचं. पलीकडची बाई गोंधळून सांगायची की इथे लोक कॉफी पितात. "तेच ते," काकू म्हणायच्या, "पण करतं कोण?" तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापायी छोट्याशा कामाला अख्खी दुपार लागते आणि तरीही कुणाला राग येत नाही. मला यायचा, खोटं कशाला बोलू.

काकू आल्मेरेहून यायच्या. घरी त्या आणि काका, दोघंच. काका निवृत्त इंजिनिअर. त्यांना विसर पडायला लागला तेव्हा काकू ते गमतीने सांगायच्या. "आज टाय लावून स्टेशनवर उभे! ऑफिसला निघालेत. मी म्हटलं, अहो आज सुट्टी आहे. तर इतके खूश झाले!" आम्ही हसायचो. मग एके दिवशी काकांनी विजेची किटली उचलून तापलेल्या शेगडीवर ठेवली. प्लास्टिक वितळलं, स्वयंपाकघर धुराने भरलं, शेजाऱ्यांनी अग्निशामक दल बोलावलं. त्यानंतर काकू काकांच्या गमती सांगेनाशा झाल्या.

त्याच सुमारास हार्लेमजवळच्या एका संकुलाचं कर्ज आमच्याकडे आलं. ते फक्त वरच्या मजल्यासाठी होतं, आणि तो मजला स्मृती गेलेल्या माणसांचा होता. खोल्यांत ओटे होते, पण शेगड्या काढून टाकलेल्या. मजल्याच्या दाराला कोड. शंकेला जागाच नव्हती. काकूंनी लिहिलं, घर. मी परत पाठवलं. पुन्हा घर. तिसऱ्यांदा तेच आलं तेव्हा मी वैतागून त्यांच्या टेबलापाशी गेलो.

"काकू, अहो, तिथे चहा ट्रॉलीवरून येतो."

"माहितीये. मी जाऊन आले."

"या कामासाठी?"

"ह्यांच्यासाठी. नाव घातलंय त्यांचं." त्या स्क्रीनकडेच बघत होत्या. "बायकोला तिथे राहता येत नाही. मी म्हटलं, मी खाली गादी घालून झोपेन. तिथली मुलगी फार गोड होती रे. पण नाही म्हणाली."

"काकू, आपण इथे काय लिहितो त्यावर..."

"त्यावर तिथलं काही ठरत नाही. कळतं मला. लग्न झाल्यापासून आम्ही कधी वेगळे राहिलो नाही. आता निदान ते तरी घरात आहेत, एवढं कुठेतरी लिहिलेलं हवं होतं."

मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि स्वतःच्या हातानेच 'घर' काढून 'संस्था' केलं. मी तपासून मंजूर केलं. नियमाने ते अगदी बरोबर होतं.

काका तिथे राहायला गेले आणि काही आठवड्यांतच काकूंनी नोकरी सोडली. आता माझ्या शेजारी एक हुशार मुलगा बसतो. तो कुणाला फोन करत नाही आणि आमची कामं वेळेत संपतात. मला ते आवडत नाही.

मी हार्लेमलाच राहतो, म्हणून एका संध्याकाळी त्यांना भेटायला गेलो. काकू खुर्चीत बसल्या होत्या. काका प्रसन्न होते. त्यांनी माझी चौकशी केली, हवेबद्दल बोलले. थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघून ते उठले आणि काकूंना हात जोडून म्हणाले, "अंधार पडायच्या आत निघा बाई. घरी वाट बघत असतील."

"हो, निघतेच," काकू म्हणाल्या.

आम्ही खोलीबाहेर आलो. काकूंनी कोट चढवला, बटणं लावली. आता या रडतील असं वाटून मी उगाच लिफ्टकडे बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "तू हो पुढे."

त्यांनी कोट काढून हातावर घेतला, केस सारखे केले आणि त्याच दारावर टकटक केलं.

"या, या," आतून काकांचा आवाज आला. "बरं झालं आलात. मी एकटाच आहे."