चिकूच्या पेटीतला ट्रक

माझ्याकडे धातूच्या एकेचाळीस छोट्या गाड्या आहेत आणि त्यातली एकही मी कधी चालवलेली नव्हती. सगळ्या पाकीटबंद. मागे रंगीत पुठ्ठा, पुढे प्लॅस्टिकचा फुगा, आत गाडी. डहाणूच्या दमट हवेत पुठ्ठ्याला बुरशी धरू नये म्हणून मी कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवतो. बायको म्हणते, "एवढी काळजी माझ्या पापडांची घेतली असतीत तर!"

यातला सर्वांत जुना म्हणजे निळा ट्रक. मी दहावीत गेलो तेव्हा अण्णांनी, माझ्या वडिलांनी, आणलेला. अण्णा डाय करायचे. दागिन्यांची नक्षी ज्या पोलादी ठशांवरून उठवतात, ते ठसे डोळ्याला भिंग लावून कोरायचे. मुंबईच्या सराफांकडे माल पोचवायला गेले आणि येताना हे पाकीट घेऊन आले. पुठ्ठ्यावर, फुग्याच्या अगदी कडेला, बॉलपेनने लिहिलं, "दहावी पास झालास की उघड."

मी गणितात आपटलो. अण्णांनी पाकीट उचलून कपाटावर ठेवलं. ऑक्टोबरला कसाबसा सुटलो तेव्हा त्यांनी ते माझ्या हातात दिलं. पण एकदा नापास झालेल्याने बक्षीस कसलं उघडायचं? "मी काय आता लहान आहे?" असं म्हणून मी ते ट्रंकेत टाकलं. पुढे अण्णांनी दोनदा विचारलं, "ट्रक उघडलास का रे?" दोन्ही वेळा मी नाही म्हणालो.

आता अण्णा नाहीत. त्यांचा सगळा जन्म कोरण्यात गेला, लिहिण्याशी त्यांचं फारसं जमायचं नाही. त्यांच्या हातची अक्षरं म्हणाल तर त्या पुठ्ठ्यावरची तेवढीच उरली आहेत.

यंदा मुलगी दहावी पास झाली. पेढा तोंडात असतानाच म्हणाली, "बाबा, आजोबांची अट पूर्ण झाली. ट्रक उघडा."

"अट मला घातली होती."

"मग तुम्हीपण झालात ना पास? उशिरा का होईना!"

सगळे हसले. मीही हसलो, पण अडचण वेगळीच होती. ही पाकिटं उघडताना फुगा ओढला की पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून येतो. कागदाबरोबर अण्णांची अक्षरं गेली असती. मी आधी दोन साध्या पाकिटांवर सराव केला. ब्लेडने एकाचा कोपरा फाटला, हेअर ड्रायरने दुसऱ्याचा फुगा चुरमडला. मुलगी म्हणाली, "पुन्हा नापास."

शेवटी तिनेच ट्रकचं पाकीट पिशवीत घातलं आणि मला नरपडला आत्याकडे नेलं. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. तिची चिकूची वाडी आहे आणि प्रत्येक गोष्टीवर तिच्याकडे उपाय आहे.

"एवढंच ना?" आत्या म्हणाली. "पेटीत चिकू पिकले का वरची लेबलं आपोआप सुटतात. ठेव इथं."

तिने पाकीट जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं, पेंढ्यात चिकूंच्या मधोमध ठेवलं आणि वरून गोणपाट टाकलं. "तीन दिस हात लावायचा नाय." इतकी वर्षं ज्याला मी दमट हवेपासून जपलं, त्याला ओल्या उबेत पुरताना मी नुसता बघत राहिलो. पुढचे तीन दिवस तलासरीला कचेरीत बसून सकाळ-दुपार आत्याला फोन करत होतो. ती म्हणायची, "अजून कच्चा हाय तुझा ट्रक."

चौथ्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा गेलो. मी फुग्याच्या कडेला नख लावलं आणि तो अलगद सुटून आला. अण्णांची अक्षरं जशीच्या तशी. मी एवढ्या जोरात ओरडलो की वाडीतली माणसं बघायला आली.

आत्याने मात्र पुठ्ठ्यावरचा चिकटा बोटांत घेऊन चोळला. "अरे, ही तर भाताची खळ. कारखान्यातला गोंद असा नसतो. दादानेच चिकटवलंय हे. आमच्या घरात खळीने चिकटवाचिकटवी करणारा तोच."

म्हणजे ज्या पाकिटाला मी चारचौघांत 'कंपनी सील' म्हणून मिरवत होतो, ते अण्णांनी, अक्षरांना धक्का न लावता, आधीच एकदा उघडलेलं होतं. आणि मला पत्ता नाही!

मुलीने ट्रक उलटा केला. "बाबा, खाली काहीतरी गिचमीड कोरलंय."

मी बघितलं आणि लगेच ओळखलं. ठसा उलटा कोरतात, तेव्हा कुठे तो सुलटा उमटतो. जन्मभर तेच केलेल्या अण्णांच्या हाताने इथेही, गरज नसताना, सवयीने उलटीच अक्षरं कोरली होती. आत्याने भाकरीसाठी तांदळाचं पीठ मळून ठेवलं होतं. मुलीने त्यातला एक गोळा घेतला, त्यावर ट्रक दाबला आणि उचलला. आम्ही तिघं वाकलो. पिठावर रेखीव, बारीक अक्षरं उठली होती.

"नापास तरी तुझाच."

माझा निकाल लागल्यावर पाकीट कपाटावर होतं, त्याच दिवसांत अण्णांनी हे केलं असणार. तोंडाने बोलणं त्यांना जमलं नसतं, म्हणून कोरलं, खळीने पुन्हा चिकटवलं आणि मी उघडायची वाट बघत राहिले. दोनदा विचारलंसुद्धा. मला रडू आवरेना.

"रडतोस काय?" आत्या डोळे पुसत म्हणाली. "चालव आता."

मी ओटीवर गुडघे टेकले. तोंडाने हॉर्न वाजवत ट्रक या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेला. मुलगी पोट धरून हसत होती. पलीकडे पोचल्यावर मी मोठ्याने म्हणालो, "उघडला, अण्णा."