फळीखालचे बुडबुडे

शहराच्या टोकाला ओढा दमून पसरतो आणि त्याची दलदल होते. तिथल्या चिखलाच्या अभ्यासात सारा जन्म घालवलेल्या संशोधक बाईंना लोक मागून ‘चिखलबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. राग यायचा तो “तिथे आहे काय, डासच ना?” असं कुणी म्हटलं की. मग त्या माणसाची धडगत नसे. बाई त्याला बसवून ऐकवत: झाडांची पानं ओढ्यात पडतात, वाहत दलदलीत येतात, आणि तळच्या चिखलात हवा नसल्यामुळे वर्षानुवर्षं कुजता कुजत नाहीत. पानांतला कार्बन चिखल पोटात ठेवून घेतो. थोडा मात्र गॅस होऊन बुडबुड्यांतून वर येतो. किती राहतो आणि किती जातो, एवढ्या एका प्रश्नापायी बाईंचे केस पांढरे झाले होते. घरच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी चिखलाच्या बाटल्या असत. चष्म्याचं दुकान चालवणारे त्यांचे यजमान पाहुण्यांना बजावत, “चहात ओतण्याआधी बाटली नीट बघून घ्या.”

त्या दिवशी मात्र त्या घरात कुणाला हसू सुचत नव्हतं. दलदल बुजवून तिथे ट्रकतळ करायचा की नाही, हे ठरवायला दुपारी समिती येणार होती. आजवर बाईंचेच आकडे दलदलीच्या पाठीशी उभे होते. यंदा तेच उलटले. गॅस दुपटीच्याही वर गेला. ट्रकतळवाल्यांना आयतंच फावलं. दलदलच हवा बिघडवते, मग ती ठेवायची कशाला, असं ते म्हणू लागले. बाईंची गत आपलेच दात आणि आपलेच ओठ अशी झाली.

आकड्यांत कुठेतरी गफलत आहे, असं मन सांगत होतं. पण मनाचा भरवसा काय? त्याला जे हवं तेच ते सांगणार.

यंदाची मोजणी बाईंनी फळ्यांवर उभं राहून केली होती. खांब न रोवता नुसत्या चिखलावर टाकलेल्या फळ्या. पायांनी तळ ढवळू नये म्हणून, असं त्या सगळ्यांना सांगत. खरं कारण त्यांचा उजवा गुडघा होता. तो चालता चालता अडकायचा. गेल्या साली पाठ धरलेल्या एका सहकाऱ्याला विभागप्रमुखांनी कचेरीत बसवलं होतं. “ज्याला पाण्यात उतरता येत नाही, त्यानं मोजणी करू नये,” असं ते चारचौघांत म्हणाले, तेव्हा बाईंची पाचावर धारण बसली. दलदलीशिवाय कचेरीत बसायचं म्हणजे जिवंतपणी मरण. म्हणून फळ्या आल्या.

तर त्या सकाळी, पूर्वीसारखं पाण्यात उतरून पुन्हा मोजून बघायला, बाई एकट्याच गेल्या. फळ्या संपतात तिथून पाण्यात उतरल्या आणि पालथी बादली पुढे ढकलत निघाल्या. बादलीत साठणारा गॅस नळीतून मीटरकडे जायचा. मीटर गळ्यात होता, फोन काठावर राहिला होता. थोडं पुढे गेल्या आणि गुडघा अडकला. तोल सावरायला डावा पाय दाबला तर तो खोल रुतला. काढायला गेल्या तर आणखी रुतला. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ते खोटं नाही. पाणी छातीला लागलं. बाई धडपडत होत्या आणि भोवताली बुडबुड्यांची नुसती झुंबड उडाली होती. मीटरवरचा आकडा उसळ्या मारत होता.

बाई घाबरल्या. मग विद्यार्थ्यांना जन्मभर जे सांगितलं तेच स्वतःला सांगितलं: हलू नकोस.

त्या स्तब्ध उभ्या राहिल्या. बुडबुडे थांबले. बादली उचलून त्यांनी आतली हवा बदलली आणि ती पुन्हा पालथी ठेवली. आकडा मुंगीच्या पावलांनी चढू लागला. थेट पूर्वीच्या वर्षांसारखा.

तेवढ्यात काठावरून हाक आली. घरी विसरलेला गुडघ्याचा पट्टा घेऊन यजमान आले होते. बाईंना पाण्यात बघून ते फळ्यांवरून धावत सुटले. फळ्या दबल्या, खालचा चिखल हादरला, आणि आकडा पुन्हा उसळला.

“अहो, थांबा! तिथेच थांबा!”

“अगं, बुडतेयस ना तू?”

“बुडतेय! पण आधी थांबा!”

ते थांबले. आकडाही पुन्हा संथ झाला.

“आता एक पाय आपटा.”

“वेड लागलंय का तुला?”

“आपटा म्हणते ना!”

त्यांनी पाय आपटला. आकड्यानं उडी घेतली. छातीभर पाण्यात बाई हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. “आता ओढा मला,” त्या म्हणाल्या.

परत जाताना गाडीत यजमान हळूच म्हणाले, “गुडघ्याचं बोलू नकोस. फळ्या चुकीच्या पडल्या, एवढंच सांग.” बाई गुडघ्याला पट्टा बांधत राहिल्या.

दुपारी त्यांनी सगळ्या समितीला फळ्यांवर उभं केलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? माणसं चढली तसा आकडा चढला. काठावर परतली तसा संथ झाला.

“हा गॅस दलदलीनं आपणहून सोडला नाही,” बाई म्हणाल्या. “आपण दाबून काढला. वर्षभर मी काढत होते.”

समितीनं आपसात विचारविनिमय केला. पाण्यात उतरून पुन्हा वर्षभर मोजा, तोवर दलदलीला हात लागणार नाही, असं ठरलं. बाईंचा जीव भांड्यात पडतोय तोच ट्रकतळवाला म्हणाला, “पण बाई, इतकी वर्षं तुम्ही पाण्यात उतरत होता. मग यंदाच फळ्या का?”

विभागप्रमुखांनी मान वर केली. यजमान आपल्या बुटांकडे बघू लागले. काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण मग ती मोजणी बाईंच्याच गळ्यात पडली असती, आणि ती पुन्हा चुकली असती तर दलदल उरली नसती.

“माझा गुडघा गेलाय,” बाई म्हणाल्या. “मी ते लपवलं, म्हणून फळ्या आल्या.”

“मग आता मोजणार कोण?” विभागप्रमुखांनी विचारलं.

“ज्याला उतरता येईल तो. मी नाही.”

फळ्या निघाल्या. नव्या मोजणीच्या पहिल्या दिवशी विभागातली दुसरी संशोधिका बाईंचेच लांब रबरी बूट घालून पाण्यात उतरली. बाईंना काठावर घडीची खुर्ची दिली होती. आपले बूट आपल्याशिवाय पाण्यात जाताना त्या बघत राहिल्या. मध्यावर गेल्यावर ती डगमगली आणि ओरडली, “बाई, बादली ठेवली! आता काय करू?”

“काहीच करू नकोस,” बाई म्हणाल्या. “नुसती उभी राहा.”

ती उभी राहिली. आणि कोरड्या काठावर, जिथे हलल्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं, तिथे बाईही हलल्या नाहीत.