चालत्या गाडीत भरलेली ओटी

गरोदरपणाच्या नवव्या महिन्यात, कुवेतच्या बनेद अल-गार भागातल्या एका दिवाणखान्यात, मला तेजाचं दर्शन झालं. डोळे मिटले तरी चांदण्यासारखे ठिपके नाचत, उघडले तरी नाचत. गुरुवारच्या दत्ताच्या पठणाला जमणाऱ्या बायकांनी ते पूर्वपुण्याईचं फळ ठरवलं. आमच्या मंडळाच्या अध्यक्षा माई म्हणाल्या, "इतकी वर्षं जप करतेय, मला साधी ठिणगी दिसली नाही. हिला मात्र घरबसल्या." मीही नम्रपणे मान खाली घातली. फक्त प्रकाशाबरोबर डोकंही ठणकत होतं, आणि साक्षात्काराच्या वर्णनांत डोकेदुखीचा उल्लेख मी कुठे वाचला नव्हता.

खरं तर मी त्या पठणाला श्रद्धेनं कमी आणि भीतीनं जास्त जात होते. आधीचं एक बाळ पोटातच, पाचव्या महिन्यात गेलं होतं. या खेपेला डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला, म्हणजे नाशिकचं माहेर बंद. आईचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. नवरा रिफायनरीत इंजिनिअर. यंत्र बिघडलं की ते कसं सुधारायचं हे त्याला कळे, बायको रडली की तो चहा करी. अशा वेळी माणूस देवाला फार प्रश्न विचारत नाही. कुवेतमध्ये तेव्हा गुरुवारी सुट्टी असायची, त्यामुळे दत्तगुरू आणि सरकार यांचं निदान वाराबद्दल एकमत होतं. मी जाऊन बसायची, नाव घ्यायची आणि मनात एकच म्हणायची: हे तरी राहू दे.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर लॉरेटा राहत होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातून आलेली, उंच, काळीभोर, हसली की जिना दुमदुमेल अशी बाई. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात ती मिडवाइफ होती. कुणी नर्स म्हटलं तर थांबून दुरुस्त करायची. इमारतीतल्या सुदानी, केरळी, फिलिपिनो, कुणाही गरोदर बाईला ती लिफ्टमध्ये अडवून चौकशी करी. माझीही करायची. म्हणून मी तिला माझ्या डोहाळजेवणाला बोलावलं. माईंनी तिला दाराजवळची खुर्ची दिली. "एसीचा झोत तिथे चांगला येतो," असं त्या म्हणाल्या. एसी समोरच्या भिंतीवर होता.

माझ्यासाठी हिरवा चुडा मुंबईहून मागवला होता, माप महिन्यापूर्वी दिलेलं. त्या दुपारी बांगड्या हातात जाईनात. साबण लावून पाहिला. मग खालच्या बकाल्यातली, म्हणजे किराणा दुकानातली, प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून तिच्यावरून बांगडी सरकवायचा प्रयोग झाला. आमच्याकडच्या कासारांची ती जुनी युक्ती. शेजारच्या सुलभावहिनी म्हणाल्या, "अंग भरलंय गं, चांगलं लक्षण आहे. मुलगीच होणार." एक बांगडी तडकली. सगळ्या जणी हळूच "वाढली, वाढली" म्हणाल्या, कारण बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं. मी हसायला गेले, तर ठिपक्यांनी निम्मी खोली झाकली.

लॉरेटा खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आली. तिनं माझी बोटं दाबून पाहिली आणि विचारलं, "डोकं केव्हापासून दुखतंय? डोळ्यांपुढे काही दिसतं का?"

माईंनी अभिमानानं इंग्रजीत सांगितलं, की हिला देवाचा प्रकाश दिसतो.

"असेल," लॉरेटा म्हणाली. "मी दर आठवड्याला चर्चला जाते, प्रकाशाशी माझं भांडण नाही. पण देव गरोदर बाईला दिवे दाखवायला लागला की मी आधी तिचा रक्तदाब बघते."

ती वर जाऊन यंत्र घेऊन आली. माझ्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा एकदा पाहिला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच मावळलेलं मी पाहिलं. "चप्पल घाल," ती म्हणाली. "आता झटके आले तर तू आणि बाळ, दोघंही धोक्यात. माझ्या गाडीतून जायचं."

"अहो, ओटी भरायची राहिलीय," माई म्हणाल्या. "पाच मिनिटं."

"गाडीत भरा."

आणि माईंनी ती खरोखर गाडीत भरली. पैठणी सावरत त्या माझ्या शेजारी बसल्या. दस्मानजवळ सिग्नलला गाडी थांबली तेव्हा माझ्या पदरात तांदूळ, नारळ, खण असं सगळं घातलं. सिग्नल सुटला तसे निम्मे तांदूळ सीटखाली गेले. "दत्ता, एवढं सांभाळ," त्या पुटपुटत होत्या. मंडळाच्या व्यासपीठावरून माईंची प्रार्थना मी अनेकदा ऐकली होती. ती इतकी छोटी असू शकते हे मला माहीत नव्हतं.

रुग्णालयात इजिप्शियन डॉक्टरबाईंनी लगेच उपचार सुरू केले. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, खोलीतले दिवे मंद केले आणि कळा आणायचं ठरवलं. लॉरेटाची त्या दिवशी सुट्टी होती, तरी ती कपडे बदलून आत आली. मी जप करायला गेले, तर नाव आठवेना. इतके गुरुवार घोकलेलं नेमकं त्या वेळी कोरं झालं. आधीचं बाळ गेलं तेव्हाची खोली आठवली आणि मी अंग आवळून धरलं, जणू आवळून धरलं तर हे राहील. लॉरेटानं माझ्या कमरेवर तळहात ठेवला. "धरून ठेवायचं काम तू नऊ महिने केलंस," ती म्हणाली. "आता सोडायचं काम आहे. मी आहे." मग ती घशातल्या घशात तिच्या चर्चमधलं काहीतरी गुणगुणायला लागली. शब्द कळत नव्हते. पण त्या सुराबरोबर माझं अंग सैल झालं. तो हात आईचा, की लॉरेटाचा, की ज्याचं नाव मला आठवत नव्हतं त्याचा, हे मला वेगळं करता येईना. नंतरही कधी करता आलं नाही, आणि मी तसा प्रयत्नही सोडून दिला. मुलगी झाली. लहानशी, जांभळट, आणि क्षणभरानं भयंकर रागावलेली.

पुढे काचेच्या पेटीतल्या मुलीजवळ बसून लॉरेटानं तिच्या आजीची गोष्ट सांगितली. त्यांच्या भागात काळ्या बायकांना रुग्णालयाची दारं बंद होती, तेव्हा आजीनं शेतांतून पायी फिरून साऱ्या पंचक्रोशीची बाळंतपणं केली. "आजीच्या हातची माणसं पुढे वकील झाली, पाद्री झाली, तिच्यापुढे टोपी काढायची," ती म्हणाली, आणि हे सांगताना तिची मान अशी ताठ झाली की मीही नकळत सरळ बसले. मला आमच्या गावची सुईण आठवली. वेशीबाहेरच्या वस्तीतून ती परसदारानं आत यायची, नाळ कापायची, परसदारानंच परत जायची, आणि मागून घर शिंपडून शुद्ध केलं जायचं. गावातल्या प्रत्येक कुलीन माणसाला पहिला स्पर्श तिचा झालेला होता. ही गोष्ट कुणी अभिमानानं सांगितलेली मी ऐकली नव्हती.

माझं बाळंतपण त्या इमारतीनं केलं. सुलभावहिनींनी डिंकाचे लाडू वळले, वरच्या सुदानी बाईनं मेथीची पेज पाठवली, केरळी शेजारीण मुलीला तेल लावायला यायची, आणि लॉरेटा रोज कामावरून येताना दोघींना तपासून मगच आपल्या घरी जायची. बारशाला माईंनी तिला पाळण्याजवळ पहिला पाट दिला. पाळण्याखालून "कुणी गोविंद घ्या" म्हणत मुलगी पुढे दिली, तेव्हा ती घेणारे पहिले हात लॉरेटाचे होते. मग माईंनी तिची ओटी भरली. लॉरेटा विधवा होती. हे माईंना ठाऊक होतं, खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, आणि एकीनंही आठवण करून दिली नाही. मंडळात मी अनेक समारंभ पाहिले. त्यांपैकी हा एक मला आजही मिरवावासा वाटतो.

शरण जाणं म्हणजे काय, यावर मी पुष्कळ वाचलं आहे. मला ते बाळंतपणाच्या त्या खोलीत जेवढं कळलं तेवढंच मी खरं मानते: कृपा येते तेव्हा ती आपल्या ओळखीचा चेहरा घेऊन येईलच असं नाही, आणि आपण तिला दाराजवळ बसवलं तरी ती उठून आत येते. माझ्याकडून एवढंच, की मूठ उघडावी.

त्यानंतर माईंनी ठराव केला, की दर गुरुवारी पठण झालं की लॉरेटानं इमारतीतल्या गरोदर बायकांचा रक्तदाब तपासावा. शेजारच्या इमारतींतूनही बायका येऊ लागल्या. पहिल्याच गुरुवारी सगळ्यांत जास्त रक्तदाब निघाला तो माईंच्या यजमानांचा. ते नुसते प्रसादाला आले होते.