पिवळ्या चिंधीचे क्रेट

चंचलबाई म्हणजे आमच्या कोळंबीच्या कारखान्यातलं अजब रसायन! भेस्तानच्या वस्तीतून आम्ही एकाच रिक्षानं यायचो. गळ्यात तुळशीची माळ, जन्मात मासळी तोंडाला लावली नाही, आणि दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलायची. चिडवलं की म्हणायची, "पोटाला विचारा."

कोळंबी निरनिराळ्या तलावांतून येते. कुठला माल कुठल्या तलावाचा, ते परदेशातल्या गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत कळावं लागतं. त्यासाठी क्रेटवर कागदी चिठ्ठी असायची. बर्फात तिचा दुपारपर्यंत लगदा व्हायचा, मग सुपरवायझर योगेंद्र अंदाजानंच नवी लावायचा. चंचलबाई आधी पांडेसऱ्यात साड्या रंगवायच्या मिलमध्ये होती. तिथं रंगाच्या हौदात शाई टिकत नाही, म्हणून ताग्याच्या टोकाला चिंधीची गाठ मारतात. तिनं तेच इथं केलं. एका तलावाला एक रंग. बघता बघता सगळ्या टेबलांवर गाठी आल्या. शेठकडून शाबासकी मात्र योगेंद्रनं घेतली, मेल्यानं!

मग ऐन कंटेनर भरायच्या दिवशी पिवळ्या चिंधीचा माल तपासणीत नापास झाला. तलाववाल्यानं कोळंबीला बंदी असलेलं औषध चारलं होतं. योगेंद्र धावत आला. "पिवळ्या चिंध्या काढा, माल लालवाल्यांत मिसळा. चलो, जल्दी!"

चंचलबाई क्रेटपुढं उभी राहिली. चिडली की ती माहेरच्या बोलीवर यायची. "ही गाठ मनी शे, मीच मारलेली. मी नही सोडनार."

"तू तर खातही नाहीस. तुला काय त्याचं?"

"मी खात नाही म्हणून दुसऱ्याच्या लेकराला चारू का रे?"

तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या हातांवर. योगेंद्रला हे ठाऊक होतं. "मग उद्यापासून येऊ नको," म्हणाला आणि स्वतःच गाठी सोडायला बसला. भिजलेली गाठ नखानं सुटते होय? आमच्याकडं सुऱ्या मागायला लागला. मी माझी कमरेला खोचली. शेजारच्या पुष्पाबाईनं आपली खोचली. एकीनंही दिली नाही.

आरडाओरडा ऐकून शेठ खाली आले. एवढ्या बायांसमोर 'मिसळा' म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. पिवळे क्रेट त्यांनी परत पाठवले. आणि चंचलबाईला कामावरून काढलं, उलट बोलली म्हणून! तिनं हातमोजे टेबलावर ठेवले आणि ताठ मानेनं फाटकाबाहेर गेली. आता नाक्यावर भाजी विकते.

परवा गिऱ्हाइकाचा माणूस कारखाना बघायला आला. गाठी बघून खूश झाला. "ही पद्धत कुणाची?" त्यानं विचारलं. योगेंद्रनं तोंड उघडलं, तेवढ्यात मीच ओरडले, "चंचलबाईची! खराब माल मिसळला नाही म्हणून हाकललं तिला."

"होय, हाकललं!" मागून सगळ्या टेबलांवरून आवाज आला.

शेठ डोळे वटारून आमच्याकडं बघत होते. बघू देत. काढून काढून किती जणींना काढतील?